आप्पांचा पेला

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

वडूज,
ता. १० फेब्रुवारी २०२४

ति. अक्का हीस,
धाकट्या दादासोचा सलाम वि. वि.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन मी गेल्या महिन्यात देऊन टाकला. माझा पिण्यातला जुना सोबती हरिबा रोज सकाळी फोन करून एवढंच विचारायचा की काय गड्या, जिता हाईस का. बाकी काही नाही. पण त्याचा आवाज ऐकला की दिवसभर घशाला कोरड पडायची. जो हात अडखळवतो तो तोडावा असं प्रभू म्हणतो. हात तोडायची छाती नाही, म्हणून फोन तोडला. फर्निचर पॉलिशचं काम तर मागंच सोडलं, कारण त्यातल्या स्पिरिटचा वास. आता भिंतींना चुना लावतो. चुन्याला काही वास नाही, डोळे तेवढे चुरचुरतात.

काल चार वर्षं झाली. तारीख तुला सांगायला नको. ज्या दिवशी आई गेली त्या दिवसापासून मी थेंब घेतलेला नाही.

आता आनंदाची बातमी. पाळक यशराजसाहेबांनी मंडळीसमोर जाहीर केलं की येत्या ईस्टरला मला परत प्रभूच्या मेजावर घ्यायचं. चार वर्षं प्रभुभोजनाच्या दिवशी मी घंटा वाजवून मागच्या बाकावर बसतो आणि भाकरीचं ताट माझ्यासमोरून पुढं जातं. मी मान खाली घालतो. यावेळी आपल्या आप्पांची जुनी रीत करायची ठरली आहे. आप्पा प्रचारक होते तेव्हा परत आलेल्या माणसाला सगळ्यांच्या आधी, एकट्याला, त्यांच्या त्या चांदीच्या पेल्यातून द्यायचे, ते तुला आठवत असेल. पेला अजून चर्चच्या कपाटात आहे.

पूजा सुवार्ताला घेऊन शिरवळहून येणार आहे. तिनं निरोप पाठवला की मंडळीनं मेजावर घेतलेलं डोळ्यांनी बघितलं की त्याच दिवशी ती घरी येईल, पण एकदा जरी वास आला तरी परत तोंड बघणार नाही. पोरगी आता नववीत आहे. गेली तेव्हा पाचवीत होती.

मेजासाठी द्राक्षाचा रस नेहमीसारखा तूच पाठव. फक्त यंदा नीट उकळ, एवढी विनंती. आंबलेला मला थेंबभरही चालायचा नाही. तुझ्या हातावर भरवसा आहे म्हणूनच मोकळेपणानं लिहिलं.

तब्येतीला जप. माझ्यावर राग असला तरी मायाही असू दे.

तुझा,
दादासो

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

तासगाव,
ता. १६ फेब्रुवारी २०२४

चि. दादासो यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचं समन्स आलं. मी म्हटलं धाकट्या भावाचं पत्र आहे, तर म्हणाला की मग एकच झालं. गावातल्या लोकांनाही तुझी कीर्ती ठाऊक आहे बघ.

इकडे द्राक्षांची तोड जोरात आहे. शेजारच्या भामाबाईनं नेहमीसारख्या दोन पाट्या आणून दिल्या. माझे पाय सुजतात, पण निवृत्त झालेल्या नर्सला कोण तपासणार? आपलंच आपण दाबून बघायचं.

चार वर्षांचं कौतुक करावं अशी तुझी इच्छा दिसते. करते. पण तपासल्याशिवाय ताप नाही म्हणायची मला सवय नाही. फोन सोडलास, पॉलिश सोडलंस, लग्नाला जात नाहीस, स्टँडकडच्या रस्त्यानं जात नाहीस. ज्याच्यासमोर काही ठेवलंच नाही तो कशावर जिंकला? अब्राहामाला देवानं मुलासह डोंगरावर नेलं. ईयोबाची लेकरं गेली, अंगभर फोड आले. तुझं काय गेलं? आई गेली म्हणशील. पण ती परीक्षा तुझी नव्हती, तिची होती.

तुला पुन्हा सांगते, कारण तू तेव्हा ऐकायच्या स्थितीत नव्हतास. तुला ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला सकाळी नऊला जीप घेऊन पाठवलं. अकराला तिनं पहिल्यांदा विचारलं की दादा आला का. मी म्हटलं वाटेत आहे. एकला विचारलं, तेच सांगितलं. तीनला विचारलं, तेच सांगितलं. चारला विचारायला ती राहिली नाही. जीप बारच्या बाहेर उभी होती आणि आत सिलिंडर भरलेला होता. माझ्या सबंध नोकरीत पेशंटशी मी एवढं खोटं कधी बोलले नव्हते. ते तू मला बोलायला लावलंस.

सोबत किलोभर बेदाणे पाठवते. त्यांच्याखाली एक क्वार्टर आहे, दचकू नको. आईच्या ट्रंकेत तिच्या चोळखणांच्या घडीत सापडली, म्हणजे तूच लपवलेली. सील तसंच आहे. टेबलावर ठेव आणि ईस्टरपर्यंत रोज बघ. न उघडता राहिली तर मी मानेन की माझा भाऊ जिंकला.

परवा बुधवारी उपवासकाळ सुरू झाला आणि मी रसाला हात घातला. मोठ्या पातेल्यातला उकळून झाला. एक लहान बाटली वेगळी भरून, साखर घालून, फडकं बांधून गच्चीच्या कठड्यावर ठेवली आहे. राहू दे तिला चाळीस दिवस उन्हात.

तुझं भलं व्हावं असं वाटणारी,
अक्का

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

वडूज,
ता. २६ फेब्रुवारी २०२४

ति. अक्का हीस,
सलाम वि. वि.

बेदाणे लय गोड आहेत. निम्मे सुवार्तासाठी डब्यात ठेवले.

दुसऱ्या वस्तूबद्दल खोटं लिहीत नाही. बेदाण्यांत हात घातला आणि बोटांना काच लागली. मी तासभर तिच्यासमोर बसलो. झाकणावर अंगठा ठेवला होता. मग उठलो, टॉवेलात गुंडाळली आणि मागच्या बोळातून पाळकांच्या घरी नेली. पाळकांच्या आई मनुबाईंनी काही न विचारता मोरीत ओतली आणि वर दोन तांबे पाणी टाकलं. मला चहा दिला. त्यांनीच बशीत ओतून दिला.

तू म्हणतेस पळणारा जिंकत नाही. अक्का, योसेफ धन्याच्या बायकोपुढून पळाला तेव्हा अंगरखा तिच्या हातात सोडून पळाला. त्याला शास्त्रात कुठं भित्रा म्हटलेलं नाही. आणि आप्पांनी आपल्याला लहानपणी जी प्रार्थना पहिली शिकवली तिच्यात आम्हाला परीक्षेत आणू नको असं आहे, एकदा परीक्षा घेऊन बघ असं नाही. याकोब लिहितो की देव कुणाला मोहात घालत नाही, माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो. माझी वासना मला माहीत आहे. ती दावणीला बांधलेली आहे, मेलेली नाही. तिच्यासमोर वैरण टाकून ती हलते का बघायला देवसुद्धा बसत नाही.

आणखी एक लिहितो, रागावू नको. अरण्यात सैतान प्रभूशी बोलला तो शिव्या देऊन नाही. वचनं म्हणत बोलला, तीही तोंडपाठ. तुझं पत्र वाचताना मला ते आठवलं.

त्या दिवसाचं तू लिहिलंस ते मी रोज स्वतःला सांगतो. अकराचं, एकचं आणि तीनचं. सिलिंडर भरलेला होता हेही. तुझ्यापुढं नाक घासायला मी तासगावला आलो होतो, तू दार उघडलं नाहीस. इथूनच पुन्हा मागतो. मला क्षमा कर. पण परत असं काही पाठवू नको. ही विनंती आहे, आणि विनंतीपेक्षा जास्त आहे.

धाकट्यावर आठवण ठेव,
दादासो

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

तासगाव,
ता. ५ मार्च २०२४

चि. सौ. पूजास,
वन्संचे आशीर्वाद.

तू ईस्टरला वडूजला जाणार असं दादासोनं कळवलं. ऐकून बरं वाटलं. मी त्याची सख्खी बहीण, त्याचं वाईट कशाला चिंतीन? पण तुझंही वाईट झालेलं मला बघवणार नाही, म्हणून चार ओळी लिहिते.

तो पीत नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. फक्त गेल्या महिन्यात त्याच्या घरातून एक क्वार्टर निघाली आणि पाळकांच्या मोरीत ओतली गेली, हे खोटं नाही. त्यानंच मला लिहिलं आहे. ती कुठून आली, कशी आली, यात आपण शिरायला नको.

तू फक्त मेजाजवळ त्याच्या हाताकडं बघ. पौलानं करिंथकरांना लिहिलंय की जो अयोग्य रीतीनं तो पेला पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. दादासो कसाही असला तरी आप्पांचा मुलगा आहे, एवढी भीती त्याच्यात असणारच. ज्याचं मन साफ आहे तो सरळ पिईल. जो लपूनछपून घेतो त्याला आप्पांचा पेला उचलवायचा नाही. न पिता खाली ठेवला तर मला विचारू नको, काय ते समज.

पोरीला माझा पापा दे.

तुमची काळजी वाहणारी,
बनुबाई

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

शिरवळ,
ता. १२ मार्च २०२४

ति. वन्संना,
पूजाचा शिरसाष्टांग सलाम.

तुमचं पत्र कंपनीतून आल्यावर वाचलं. वाचून जेवण गेलं नाही. चार वर्षं पॅकिंगच्या लाइनवर उभी राहून माझी कंबर गेली, पण त्या चार वर्षांत मला कुणाच्या तोंडाचा वास घ्यावा लागला नाही. तेवढ्यासाठी मी सगळं सोसलं.

तरी सांगते, मला परत जायचं आहे. माणूस वाईट नव्हता. सुवार्तानं बापासाठी पांढरा सदरा घेतला आहे, स्वतः इस्त्री करून ठेवते आणि दोन दिवसांनी घडी मोडून पुन्हा इस्त्री करते. मी तिला म्हटलं, अगं, लय आशा धरू नको. ती म्हणाली की आई, तू पण धरलीयास की.

तुम्ही लिहिलंत तसं हाताकडं बघेन. आईंचं शेवटचं सगळं तुम्हीच केलंत, तुमच्या शब्दावर मी शंका घेणार नाही. त्यानं पेला घेतला तर तिथून सरळ घरी जाऊन चूल पेटवीन. ठेवला तर पुढची एसटी धरीन. मग मला कुणी समजावायला येऊ नये.

आशीर्वाद असू द्यावा,
पूजा

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

तासगाव,
ता. २५ मार्च २०२४

चि. दादासो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मागच्या पत्रानं मी दोन आठवडे रागात होते. मला सैतानाच्या ओळीत बसवलंस. नंतर विचार केला की धाकटा आहे, चार वचनं पाठ झाली की माणूस मोठ्यांवर फेकून बघतोच. लहानपणी तुला जेऊ घातलं तेव्हाही तू माझं बोट चावायचास.

रस आकाराम कंडक्टरबरोबर पाठवते. विट्याला गाडी बदलताना तो स्वतः सांभाळून ठेवणार आहे. मोठी बाटली मंडळीसाठी, तीन वेळा उकळून गाळलेली. लहान बाटली फक्त तुझ्यासाठी, आप्पांच्या पेल्यात ओतायची. तसं यशराजसाहेबांना वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं आहे. मोठीतला रस तिच्यात मिसळू नका. आप्पा परत आलेल्या माणसासाठी वेगळा रस ठेवायचे, हे तुला माहीत नसेल, तू लहान होतास. तोंडाला मेण लावलंय, ते पाळकांनाच काढू दे.

खूप वर्षांनी तुझ्यासाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं. पूर्ण पी, तळाशी ठेवू नको. सगळे बघत असतील.

तुझी,
अक्का

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

वडूज,
ता. ५ एप्रिल २०२४

ति. अक्का हीस,
सलाम.

आकारामबरोबर तुझ्या दोन्ही बाटल्या धुऊन परत पाठवल्या आहेत. लहान बाटली दोनदा धुतली.

काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. ईस्टरच्या सकाळी मी घंटा वाजवली आणि पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसलो. अंगात सुवार्तानं आणलेला सदरा होता, बाह्या थोड्या लांब झाल्या. बायकांच्या बाजूला पूजा दुसऱ्या ओळीत होती. पाळकांनी मेण काढलं, लहान बाटली सबंध पेल्यात ओतली आणि माझं नाव घेऊन पेला माझ्या हातात दिला.

तोंडाजवळ आणला आणि वास आला. चौदा वर्षं स्पिरिटात हात बुडवलेला माणूस मी. तरी आधी वाटलं माझं नाकच बेइमान झालं. पुन्हा वास घेतला. मग तुझी गच्ची आठवली, साखर आठवली, चाळीस दिवस आठवले. मोठीतला मिसळू नका, हेही. सगळं तू मला लिहून कळवलं होतंस. मी तुझ्यावर भरवसा ठेवून वाचलं, म्हणून मला दिसलं नाही.

अक्का, मला लय तहान लागली होती. हे फक्त तुला सांगतो. समोर देवाचं मेज, पेला आप्पांचा, रस बहिणीच्या हातचा, आणि पिणं हेच त्या क्षणी धर्माचं काम होतं. एवढा चांगला मुलामा दिलेला मोह मला जन्मात कुणी दिला नव्हता. मी पेला खाली ठेवला.

पूजानं माझ्या हाताकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं नाही. ती उठली, पोरीचा दंड धरला आणि बाहेर गेली. सुवार्ता दारापर्यंत मागं वळून बघत होती. यशराजसाहेबांनी हळू आवाजात कारण विचारलं. मी म्हटलं, छाती झाली नाही. चार वर्षांत एवढं एक खोटं बोललो. त्यांनी मला आणखी एक वर्ष मेजापासून लांब ठेवलं आहे. नियमाप्रमाणे बरोबरच आहे.

उरलेला रस जमिनीत ओतायचं काम माझंच असतं. भरलेला पेला घेऊन मी एकटा चर्चच्या मागं शेवग्याखाली गेलो. कुणी बघत नव्हतं. बायको गेलेली, पोरगी गेलेली, जपायला काही राहिलं नव्हतं. तिथं जे झालं त्यापुढं आतलं काहीच नव्हतं. मोहाबरोबर देव निसटायची वाटही ठेवतो म्हणतात. मला वाट दिसली नाही. मी नुसता हात उलटा केला. मग तिथंच मातीत बसलो आणि आईला हाक मारली.

पूजानं तुझं पत्र पाळकांकडं पाठवलं, ते मी वाचलं. प्यालो असतो तर वास आला असता, ठेवला तर चोर ठरलो. तू दोन्ही दारं लावून घेतली होतीस.

मी तुझं नाव कुणापुढं घेतलेलं नाही आणि घेणार नाही. तीस वर्षं दोन गावांच्या मंडळीनं तुझ्या हातचा रस घेतला आहे. तो त्यांच्या तोंडात कडू करायचा मोह मला रोज होतो, रोज सोडून देतो. शिवाय मी सांगून पूजाला पटणार नाही, दारुड्यानं दुसऱ्यावर ढकललेलं तिनं अकरा वर्षं ऐकलं आहे. तू सांगितलंस तर पटेल. एक कार्ड लिही, दोन ओळींचं. त्यात खरं काय ते लिही. माझ्यासाठी नको, सुवार्तासाठी लिही.

तुला क्षमा केली असं लिहायला बसलो होतो. अजून पुरती झालेली नाही. थोडी थोडी करतो आहे.

वाट बघणारा,
दादासो

—

॥ ख्रिस्त प्रसन्न ॥

तासगाव,
ता. १५ एप्रिल २०२४

चि. दादासो यास,
अक्काचे आशीर्वाद.

बाटल्या पोचल्या. स्वच्छ धुतल्यास. असं एखादं काम तुला आधीही जमलं असतं.

मी नाकारत नाही. मला वाटलं होतं तू पिशील. तेवढंच मला बघायचं होतं, निदान ऐकायचं होतं. तू प्याला असतास तर मी सुटले असते. मग मी म्हणू शकले असते की माझ्या भावाला तो रोगच आहे, त्याच्या हातात काही नाही, त्या दिवशीही नव्हतं. पेशंटवर कुणी राग धरत नाही. मी तुला क्षमा करून टाकली असती आणि शांत झोपले असते.

तू प्याला नाहीस. बायको समोरून उठून गेली, कुणी बघत नव्हतं, पेला भरलेला होता, तरी तू हात उलटा केलास. म्हणजे तुला नाही म्हणता येतं. म्हणजे त्या दिवशी सकाळी नऊलाही येत होतं. अकराला, एकला आणि तीनलाही येत होतं, आणि तू म्हटलं नाहीस. शेवग्याखाली तू आईला हाक मारलीस असं लिहिलंस. तिनं तीनदा हाक मारली तेव्हा तू कुठं होतास? दादासो, चार वर्षं मला जे वाटत होतं ते आता पक्कं झालं, आणि ते तूच सिद्ध करून दिलंस. हे मला सोसत नाही.

पूजाचं कार्ड लिहिलं आहे. दोन ओळींचं, खरं तेच. रस मी मुद्दाम आंबवला, त्यानं ओळखला म्हणून प्याला नाही, तो चार वर्षं स्वच्छ आहे. खाली सही केली आणि पत्ताही घातला. ते आईच्या ट्रंकेत तिच्या चोळखणांच्या घडीत ठेवलं आहे.

ते टपालात टाकावं असा मोह मला होतो. रोज सकाळी दूध आणायला जाताना पोस्टाची पेटी लागते आणि हात पिशवीकडं जातो. पण तूच मला शिकवलंस की मोह आला की त्याच्यासमोर उभं राहू नये, पळावं. म्हणून आता मी भामाबाईच्या बागेकडून, लांबच्या रस्त्यानं जाते. पाय दुखतात, पण जमतंय. आज सातवा दिवस.

बेदाणे संपले असतील तर कळव, नवीन माल आला आहे.

तुझी सख्खी,
अक्का